मान वर झाली की पाऊल थांबवायचं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे सहलीची पत्रं येऊ लागतात. या वेळी त्यांतली चार निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण ते पत्र वाचताना मला माझी स्वतःची एक सहल आठवली.

प्रश्न : बाई, मी बडोद्यात वाघोडिया रोडवरच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. डिसेंबरमध्ये आमची ४२ मुलं वढवाणा तलावावर जाणार आहेत. गेल्या वर्षीच्या सहलीत मुलं बसमधून उतरल्या उतरल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावली आणि जवळची सगळी बदकं उठून पार मधोमध जाऊन बसली. मग मुलांनी डबे खाल्ले, फोटो काढले आणि आम्ही परत आलो. या वर्षी तसं व्हायला नको. मुख्याध्यापकांनी मला सूचनांचा कागद तयार करायला सांगितलं आहे. त्यात काय काय लिहू?

उत्तर : कागद सगळ्यात शेवटी लिहा. त्याआधी मुलांना दोन तासिका मैदानावर घेऊन जा.

असा कागद मीही एकतीस वर्षं वाटला. आवाज करू नये, कचरा टाकू नये, प्राण्यांना त्रास देऊ नये. मुलं त्याची घडी करून दप्तरात टाकतात आणि पाणी दिसलं की धावत सुटतात. बारा वर्षांच्या मुलाला त्रास म्हणजे दगड मारणं एवढंच माहीत असतं. तो दगड मारत नसतो, खुशीत धावत असतो. त्याच्या खुशीचाही बदकाला त्रास होतो आणि तो होताना समोर दिसतो, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

तेवढं दाखवा. प्राण्याने आपल्याला पाहिलं आहे हे कसं ओळखायचं, एवढी एकच गोष्ट शिकवा.

शाळेच्या मैदानावर साळुंक्या असतातच. डब्याची सुट्टी संपली की सांडलेले पोहे, पोळीचे तुकडे टिपायला त्या येतात. ती वेळ धरा. मुलांच्या जोड्या लावा. एकाने साळुंकीच्या दिशेने सावकाश चालायचं. दुसऱ्याने जागेवर उभं राहून फक्त साळुंकीकडे बघायचं, मित्राकडे नाही. खाताना तिची मान खाली-वर होतच असते, पण एक क्षण असा येतो की मान वर जाते आणि वरच राहते. अंग ताठ होतं, पायांची टुकटुक थांबते, डोकं थोडं वळतं आणि एक डोळा चालणाऱ्यावर रोखला जातो. त्याच क्षणी दुसऱ्याने हळूच 'मान' म्हणायचं. चालणाऱ्याने तिथेच थांबायचं, पायाशी एक खडा ठेवायचा आणि आल्या पावली मागे फिरायचं. साळुंकी आपणहून निघून गेली की खड्यापासून तिच्या जागेपर्यंतची पावलं मोजायची. ज्याच्यामुळे पक्षी उडाला, त्याची पाळी गेली.

पहिल्या तासिकेला बऱ्याच साळुंक्या उडतील. शाळेतल्या साळुंक्यांना मुलांची सवय असते, त्या पुन्हा येतात; म्हणूनच हा सराव त्यांच्यावर करायचा, तलावावरच्या पाहुण्यांवर नाही. घरट्याजवळच्या पक्ष्यावर तर कधीच नाही. मग चाल बदलून बघा. कुणी बोलत जाईल, कुणी हात लांब करून बोट दाखवत जाईल, कुणी सरळ न जाता जणू दुसरीकडेच चाललोय असं तिरकं जाईल. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीतली नोंद मला अजून पाठ आहे : सरळ गेलो तर १४ पावलं, तिरकं गेलो तर ९, आणि खाली मांडी घालून बसलो तेव्हा साळुंकीच ४ पावलांवर आली. तो शेवटचा आकडा तिने वाचला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता. गप्प बसा म्हणून मी त्यांना कधीच एवढं शांत करू शकले नव्हते.

दुसरी तासिका जमली तर कमाटीबागेत घ्या. तिथे पाण्याच्या कडेला ढोकरी उभी असते. मातकट रंगाची, मान खांद्यात रुतवलेली, चिखलात रोवलेल्या काटकीसारखी. मुलांना ती दिसतही नाही, दाखवावी लागते. आपण जवळ गेलो की आधी तिची मान लांब होते, इतकी की तिला एवढी मान होती यावर विश्वास बसत नाही. तरी आपण चालत राहिलो तर ती उडते, आणि उडताना पंख उघडले की मघाची मातकट ढोकरी पांढरीशुभ्र होते. मुलांना ते पांढरं फार आवडतं. त्यांना सांगा, ते पांढरं दिसलं म्हणजे आपण नको इतके जवळ गेलो. मान लांब झाली तेव्हाच थांबायला हवं होतं.

आता वढवाण्याबद्दल. डभोई तालुक्यातला हा तलाव महाराज सयाजीरावांच्या काळात, १९१० च्या सुमाराला, शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. ओरसंग नदीचं पाणी त्यात आणलेलं आहे. २०२१ मध्ये त्याला रामसर पाणथळ, म्हणजे जगभरात जपण्यासारखी मानलेली पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली, ती तिथे हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांमुळे. मुलांना हे बसमध्ये नाही, आदल्या दिवशी वर्गात नकाशा लावून सांगा. मंगोलियावर बोट ठेवा, तिबेटवर ठेवा, मग हिमालय ओलांडून डभोईवर आणा. पट्टकादंब नावाचा हंस, ज्याला आपल्याकडे गुजरातीत राजहंस म्हणतात, त्याच वाटेने येतो. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, त्यावरून तो मुलांनाही ओळखता येतो. पाठीवर छोटी यंत्रं लावून केलेल्या अभ्यासात हे हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्याही वर उडाल्याची नोंद झाली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच प्रवास उलटा करायचा असतो. त्यासाठी लागणारी चरबी ते इथे साठवतात, या गवतावर, या पाण्यात, डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे आपण जातो तेव्हाच.

हंस चरत असतात तेव्हा त्यांच्यातले एकदोन मान ताठ करून उभे असतात, पहाऱ्यावर असल्यासारखे. बाकीच्यांच्या माना गवतात. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच झाल्या की समजायचं, आपली बातमी पोचली. चरताना त्यांची बारीक कुजबुज चालू असते, ती अचानक थांबते. सगळ्यांची तोंडं एका दिशेला होतात. त्यानंतर उडतात. बदकांचं वेगळं : तलवार बदकं, थापटे आधी पोहत पोहत आपल्यापासून लांब सरकतात, घाई न दाखवता. मुलांना वाटतं ती सहज फिरताहेत. चांदवे पाण्यावर पाय आपटत पळायला लागतात. ही सगळी त्यांची बोलणीच आहेत, आणि उडण्याआधी ती आपल्याला दोनतीन वेळा सांगून बघतात.

मला हे उशिरा कळलं. १९९४ च्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा स्वतः आखून सहल नेली. सकाळी दहाला पोचलो, पक्षी लांब होते, मुलं कंटाळायला लागली. हंस उडाले तर मुलांना किती छान दिसतील म्हणून मी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितला. शेकडो पक्षी एकदम उठले. आकाश भरून गेलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तेव्हा पुढे उभा असलेला एक मुलगा वळून म्हणाला, "बाई, ते जेवत होते ना?" मी काही बोलले नाही. पाऊण तास आम्ही तिथे होतो, त्या गवतावर एकही हंस परत उतरला नाही. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी त्या पाळीवर किती गाड्या येतात ते तुम्ही पाहिलं असेल. प्रत्येकाला वाटतं आपण एकदाच उडवले. हंसांच्या दिवसात ते किती वेळा होतं, ते मोजून बघा.

आता बाकीच्या गोष्टी. सकाळी लवकर निघा, उजाडताच पोचाल असं बघा. बस लांब उभी करा आणि इंजिन बंद करा. मुलांना सहा-सातांच्या गटात, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस, असं उतरवा. ४२ जणांना एकदम नाही. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहा, म्हणजे पक्ष्यांवर उजेड पडेल आणि जवळ जायची गरजच कमी होईल. पी.टी.चा पांढरा टी-शर्ट त्या दिवशी नको, खाकी, शेवाळी, मातकट चालेल. शाळेत आठपट दिसणारी दुर्बीण असेल तर मुलांना गणित घालून सांगा : ऐंशी मीटरवरचं बदक त्यातून दहा मीटरवर असल्यासारखं दिसतं. चालून जायचे सत्तर मीटर दुर्बिणीने वाचवले. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही, हे मात्र तीनतीनदा सांगा. ज्याच्या हातात दुर्बीण नाही त्याला काम द्या. दर पाच मिनिटांनी वर असलेल्या माना मोजून वहीत लिहायच्या. आकडा वाढला तर गटाने दहा पावलं मागे यायचं, हे मुलांनीच ठरवू दे.

आणि डब्याचं. लीलो चिवडो आपल्या बडोद्याचा, सहलीत हवाच. पण त्याच्या पाकिटाचा चुरचुर आवाज शांत पाण्यावर केवढा लांब जातो, ते मी ऐकलं आहे. घरूनच डब्यात भरून आणायला सांगा. खायचं बसजवळ, पाळीवर नाही. आजूबाजूच्या गव्हाच्या शेतांतून आडवाट काढायची नाही; तलाव त्या शेतकऱ्यांचा आहे, पीकही त्यांचंच.

आता कागद लिहा. मान वर झाली की थांबायचं. सरळ जायचं नाही. गट सोडायचा नाही. बाईंनी मूठ वर केली की आहे तिथे पुतळा. मेलेला किंवा जखमी पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, सांगायचं. एवढं पुरे. त्या दोन तासिकांनंतर मुलांना त्यातला शब्द न् शब्द कळेल.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेची सहल जांबुघोड्याच्या जंगलात जाणार आहे. तिथे अस्वलं, बिबटे आहेत असं ऐकलं. वाटेत तलाव आहेत, तलावांत मगरी. खरं सांगते, मला सही करवत नाहीये. मी घाबरट आहे का?
— मांजलपूरहून एक आई

उत्तर : नाही, तुम्ही घाबरट नाही. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात सहलीला गेलेली बारा लेकरं आणि त्यांच्या दोन शिक्षिका बोट उलटून जिवानिशी गेल्या. त्यानंतर या शहरात सहलीच्या अर्जावर सही करताना प्रत्येक आईचा हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. सही करण्याआधी शाळेत जा आणि विचारा : किती मुलांमागे एक मोठं माणूस? बरोबर वन खात्याचा माणूस आहे का? पाण्यात उतरणं, बोट, असलं काही आहे का? प्रथमोपचाराची पेटी कुणाच्या हातात असेल? जवळचा दवाखाना कोणता, हे ड्रायव्हरला माहीत आहे का? विचारलं म्हणून शाळेला राग आला तर आला.

आता जंगलाची भीती एकेक करून घेऊ.

जांबुघोड्याला अस्वल आहे, बिबट्याही आहे. दिवसाउजेडी, मोठ्या गटाच्या वाटेला बिबट्या सहसा येत नाही. अस्वलाचं वेगळं आहे. त्याची नजर अधू, ते वाळवी उकरण्यात गढलेलं असतं, आणि माणूस एकदम समोर उभा ठाकला की दचकून अंगावर येतं. म्हणून मघाशी तलावावर गप्प राहा म्हणणारी मी इथे उलटं सांगते. दाट झाडीत चालताना मुलांनी हळू आवाजात बोलत राहावं, म्हणजे त्याला आधीच कळेल आणि ते बाजूला होईल. आरडाओरडा नको, गाणी नकोत, पण चाहूल लागू द्यायची. पक्षी असो की अस्वल, त्याला दचकवायचं नाही.

खरा धोका कुठे असतो सांगू? लघवीला. मुलगी मैत्रिणींना सांगायला लाजते, एकटीच झुडपाआड जाते किंवा तलावाच्या कडेला उतरते. मी सहली नेत होते तेव्हा जंगलात शिरण्याआधी चांगल्या स्वच्छतागृहापाशी बस थांबवणं हा माझा पहिला नियम होता, आणि नंतर कुणाला जायचं झालं तर बरोबर एक बाई आणि दोन मुली. तुमच्या मुलीला हे तुम्हीच घरी सांगा, न लाजता. शाळेलाही विचारा.

मगर तर आपल्या घरची. पावागढात उगम पावणारी विश्वामित्री आपल्या शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, तुम्हीही पाहिलं असेल. सहलीआधी एखाद्या थंडीच्या सकाळी मुलीला काळाघोड्याच्या पुलावर न्या. कठड्याच्या आतून खाली काठावर बघा. ऊन खात पडलेली मगर दिसली तर तिला निवांत बघू द्या. जबडा उघडा असेल. मुलं म्हणतात ती रागावली आहे. ती रागावलेली नसते, अंगातली उष्णता कमी करायला तोंड उघडून पडलेली असते. ती हलावी म्हणून पुलावरून खडा टाकणारं कुणीतरी असतंच. मुलीला तेही दाखवा. ऊन मिळालं नाही तर मगरीचं अन्न नीट पचत नाही, म्हणून ती थंडीत बाहेर येते. खडा पडला की ती पाण्यात जाते, अर्धवट गरम झालेली. मुलीला विचारा, तिला तिच्या ताटावरून कुणी उठवलं तर कसं वाटेल. आणि एक गोष्ट घट्ट सांगा : दिसणाऱ्या मगरीपेक्षा न दिसणारी मगर जपण्यासारखी. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तळ्याच्या काठाशी हात धुवायला, पाय बुडवायला, चेंडू काढायला जायचं नाही. काठापासून दहा पावलं लांब, हा नियम पाणी कितीही उथळ दिसलं तरी.

सापाला डिसेंबरात फार घाबरू नका, पण बंद बूट घालून पाठवा आणि दगडाखाली, बिळात, ओंडक्याच्या फटीत हात घालायचा नाही हे सांगा. चुकून दंश झालाच तर मूल चालवायचं नाही, उचलून न्यायचं, पैंजण-अंगठी काढायची, आवळून बांधायचं नाही, चिरायचं-चोखायचं नाही. १०८ ला फोन आणि प्रतिविष मिळेल असा दवाखाना. भगताकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मला स्वतःला जंगलात सगळ्यात जास्त भीती आग्या मधमाश्यांची वाटते. उंच झाडाला, कड्याला काळं पोळं लोंबत असतं. खाली शेकोटी, धूर, गोफणीचे दगड, भडक अत्तर, आरडाओरडा, काही नको. पोळ्यावर लाट हलल्यासारखी एक चमक सरकताना दिसते. ती म्हणजे त्यांची वर झालेली मान समजा आणि तिथून निघा. माश्या अंगावर आल्याच तर झटकायचं नाही, तोंड झाकून धावायचं आणि बसमध्ये शिरून काचा लावायच्या.

हे सगळं शाळेने केलंय असं दिसलं तर सही करा.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या मोबाईलमध्ये पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप आहे. त्यातला आवाज वाजवला की आमच्या सोसायटीतला शिंपी पक्षी लगेच समोर येऊन बसतो. सहलीत मी सगळ्यांना असे पक्षी बोलावून दाखवणार होतो, पण टीचर नाही म्हणाल्या. पक्ष्याला दगड तर मारत नाही ना मी?
— अकोट्याहून एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तुझं पत्र मला फार आवडलं, कारण तू तो शिंपी ओळखतोस. हाताच्या बोटाएवढा पक्षी, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी, आणि आवाज त्याच्या दसपट मोठा. तुझ्या वयाच्या कित्येक मुलांना तो रोज ऐकू येतो आणि कधीच दिसत नाही.

पण तो तुला भेटायला येत नाही. तुझ्या मोबाईलमधून दुसऱ्या नराचा आवाज येतो. त्याला वाटतं, माझ्या जागेत कुणी घुसलं आहे. तो तोंडातली अळी टाकून, कधी घरट्यातली पिल्लं सोडून, घुसखोराला हाकलायला येतो. समोर बसून जोरजोरात ओरडतो. तू बघ, तो तेव्हा खात नाही, पिसं साफ करत नाही, फांदी बदलत राहतो, शेपटी सारखी झटकतो. तू बंद करून घरी जातोस, पण तो बराच वेळ त्या अदृश्य शत्रूला शोधत राहतो. हे दिवसातून चारदा झालं तर त्याच्या पिल्लांना किती अळ्या कमी मिळाल्या?

ॲप ठेव. ऐकायला वापर, वाजवायला नाही. सहलीत तू दुसरं काहीतरी दाखवू शकतोस जे तुझ्या वर्गातल्या कुणालाच येत नसेल : डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं आणि किती वेगळे आवाज आले ते बोटांवर मोजायचं. टीचरना विचारून तू हे सगळ्यांकडून करून घे. मला आकडा कळव.

प्राण्यांना खायला घालण्याचंही तुझ्या मित्रांना सांग. जामनगरच्या लाखोटा तलावावर लोक कुरव पक्ष्यांना गाठिया टाकतात, त्यांना वाटतं पुण्य लागतं. तेल, मीठ आणि बेसन हे माशांवर जगणाऱ्या पक्ष्याचं जेवण नाही. पावागढला वानरांना केळं दाखवणारेही असेच. मग ते वानर पुढच्या आजीच्या हातातली पिशवी ओढतं आणि मार त्याला बसतो. वानर समोर आलं तर त्याच्या डोळ्यांत बघू नकोस आणि दात दाखवून हसूही नकोस; वानरांच्या भाषेत ती धमकी आहे.

प्रश्न : माझं वय ७१. मातरजवळ माझ्या जावयाच्या ओळखीच्या शेतात सारसांची जोडी आहे, त्यांच्याबरोबर या वर्षीचं एक पिल्लू आहे. नातवाला आणि त्याच्या वर्गातल्या पाचसहा मुलांना दाखवायला न्यावं म्हणतो. फोटो काढून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकायचे होते. काही काळजी घ्यावी का?
— दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : काका, जरूर न्या. सारस एकदा नीट पाहिलेलं मूल ते आयुष्यभर विसरत नाही. पण ग्रुपवर शेताचं नाव, गावाचं नाव, नकाशा टाकू नका, आणि फोटोत ओळखीची विहीर किंवा पाटी येऊ देऊ नका. तुमचा ग्रुप चांगलाच असेल. पण त्यातून तो पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही, आणि पुढच्या रविवारी त्या बांधावर दहा गाड्या उभ्या राहतील. शेतकऱ्याचं पीक तुडवलं गेलं की तो सारसावर रागावतो. आजवर त्याने भातातलं घरटं जपलं म्हणून तर हे पिल्लू मोठं झालं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात पक्ष्याच्या घरट्याला, अंड्यांना धक्का लावणं हे शिकारीतच धरलेलं आहे, हेही मुलांना सांगा. आणि जाताना शेतकऱ्याला आधी विचारा, नातवाच्या तोंडून विचारा.

सारस माणसाएवढा उंच, त्यामुळे लांबूनही मोठा दिसतो. रस्त्यावरच थांबा. गाडीतून उतरूच नका, गाडीला ते घाबरत नाहीत, चालत्या माणसाला घाबरतात. दोघांपैकी एक मान खाली घालून चरत असेल आणि दुसरा मान उंच करून बघत असेल, तोवर ठीक. दोघांच्याही माना उंच झाल्या आणि ते पिल्लाला मध्ये घेऊन चालायला लागले तर गाडी सावकाश पुढे न्या. घाबरलेलं पिल्लू पिकात दबून बसतं आणि आईबापांपासून तुटतं. शेतातल्या कुत्र्यांना तेवढं पुरतं.

इंजिन बंद करा, काच अर्धी खाली घ्या, आणि नातवाला शेताच्या बाजूच्या खिडकीशी बसवा. आईबापांचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक असतो, तो त्याला लगेच दिसेल. पिल्लाच्या डोक्याला अजून लाल रंग आलेला नसतो, ते दालचिनीसारखं तांबूस असतं. ते त्याला त्याचं त्याला सापडू द्या, तुम्ही सांगू नका.